कॅम्पर व्हॅनमध्ये नेट वारंवार तुटते : नागपूरबाहेरच्या वाटांवर दोष नेमका कुठे शोधावा

नागपूरहून कॅम्पर व्हॅन घेऊन पेंच, ताडोबा, मेळघाट किंवा भामरागडकडे निघणाऱ्या आणि प्रवासातच कार्यालयीन काम करणाऱ्या मंडळींची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. शहरात नेट उत्तम चालते, मनसर मागे पडले की ते अडखळू लागते, आणि नवे सिम, नवा राऊटर, टपावर महागडा अँटेना असे सारे करून झाले तरी पुढच्या प्रवासात तोच त्रास कायम राहतो. माझ्या मते याचे कारण सरळ आहे. 'नेट चालत नाही' या एका वाक्यात पाच-सहा निरनिराळे बिघाड लपलेले असतात, ते पडद्यावर अगदी सारखे दिसतात, आणि आपण कोणता बिघाड आहे हे न ओळखताच उपाय विकत घेतो.

टॉवरपासून लॅपटॉपपर्यंतच्या मार्गाचे टप्पे आधी डोळ्यांसमोर ठेवावेत : टॉवरला मागून येणारी जोडणी, टॉवर आणि व्हॅन यांमधली हवा, सिम आणि त्यावरचा रिचार्ज, राऊटर व त्याचा वीजपुरवठा, आणि शेवटी व्हॅनच्या आतले वाय-फाय. नेट तुटले की यांतील नेमका कोणता टप्पा तुटला हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नये. पहिली चाचणी अगदी साधी आहे. राऊटरमध्ये ज्या कंपनीचे सिम आहे त्याच कंपनीचे सिम असलेला फोन घेऊन व्हॅनबाहेर दहा-पंधरा पावले जावे आणि तेथे नेट चालवून पाहावे. बाहेर ते नीट चालत असेल तर दोष आपल्या गाडीत किंवा राऊटरच्या सिमवरच्या रिचार्जमध्ये आहे. बाहेरही चालत नसेल तर दोष हवेत, टॉवरमध्ये किंवा रिचार्जमध्ये आहे, आणि राऊटर वारंवार बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये.

दांड्यांवर विसंबू नये

फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या दांड्या प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने दाखवते, म्हणून निदानासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याऐवजी दोन आकडे पाहण्याची सवय लावावी. पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरींची ताकद, आणि दुसरा एसआयएनआर, म्हणजे त्या लहरी गोंगाटाच्या तुलनेत किती स्वच्छ आहेत याचे माप. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर हे दोन्ही आकडे बहुधा असतातच. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* हा क्रमांक डायल केल्यावर ही माहिती उघडते, आणि जेथे उघडत नाही तेथे सिग्नल मोजणारे एखादे मोफत अ‍ॅप पुरते. आरएसआरपी उणे ८० ते उणे ९५ डीबीएम असेल तर रेंज चांगली समजावी, उणे १०५ पर्यंत काम निभते, आणि उणे ११५ च्या पलीकडे फार आशा ठेवू नये. एसआयएनआर २० च्या वर असेल तर उत्तम, १० च्या आसपास असेल तर कामचलाऊ, आणि शून्याखाली गेला तर दांड्या पूर्ण भरलेल्या दिसत असूनही पान उघडत नाही.

या दोन आकड्यांची जोडी पाहिली की अर्धे निदान होते. दोन्ही वाईट असतील तर टॉवर दूर आहे किंवा मध्ये डोंगर, झाडी अथवा गाडीचा पत्रा आहे. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर वाईट असेल तर एकाच वेळी अनेक टॉवरच्या लहरी एकमेकींत मिसळत आहेत. चिखलदऱ्याच्या पठारावर, जे समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, हा अनुभव येऊ शकतो, कारण तेथून खालच्या मैदानातले दूरदूरचे टॉवर एकाच वेळी 'दिसतात'. तेथे चारी दिशांनी लहरी पकडणारा अँटेना उलट नडतो आणि एका दिशेला रोखलेला अँटेना कामी येतो. याच मेळघाटात सेमाडोहला सिपना नदीच्या खोऱ्यात उतरले की प्रश्न उलटा होतो : गोंगाट नाही, पण भोवतीच्या डोंगरांमुळे मूळ लहरच पोहोचत नाही. दोन ठिकाणांमधले अंतर थोडे असले तरी दोन्हीकडचा उपाय एक नाही.

दोन्ही आकडे चांगले असूनही नेट बंद असेल तर मात्र आपल्या हातात फारसे काही नसते. टॉवरला मागून जोडणारी फायबर रस्त्याच्या कामात तुटलेली असणे, किंवा गावातली लाइट जाऊन टॉवरची बॅटरी संपत आलेली असणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत सगळे गाव एकाच टॉवरवर व्हिडिओ पाहत असते, तेव्हाही हेच चित्र दिसते. मोठ्या फाइली पाठवण्याचे काम पहाटे पाच-सहाला केल्यास त्याच टॉवरवरून ते निर्वेध पार पडते.

देवलापारला नेट 'मंदावते' त्याचे एक कारण रिचार्जमध्ये असते

हा बिघाड सर्वांत जास्त फसवतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. नागपूर शहरात फोन ५जीवर असतो आणि अनेक रिचार्जमध्ये ५जीचा वापर अमर्याद असल्याने रोज किती डेटा खर्च होतो याकडे आपले लक्षच जात नाही. शहर सोडून रामटेकच्या पुढे, देवलापार-सिल्लारीच्या जंगलपट्ट्यात फोन ४जीवर उतरला की मात्र रोजची डेटाची मर्यादा लागू होते. दोन व्हिडिओ बैठका आणि लॅपटॉपचे एखादे आपोआप होणारे अद्ययावतीकरण एवढ्यात ती संपते, आणि त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर आणून ठेवला जातो. त्या वेगावर व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो, पण पान उघडत नाही, त्यामुळे जंगलामुळे रेंज गेली अशी आपली समजूत होते. ओळखण्याची खूण अशी की मध्यरात्री बारानंतर नेट अचानक सुरळीत होते. असे घडत असेल तर अँटेनाचा खर्च टाळून रोजची मर्यादा नसलेला, एकरकमी डेटा देणारा रिचार्ज राऊटरच्या सिमवर घ्यावा, आणि लॅपटॉपवर त्या वाय-फायला 'मीटर्ड' म्हणून नोंदवावे, म्हणजे पार्श्वभूमीत होणारे बरेचसे डाउनलोड थांबतात.

याच ओघात आणखी एक सूचना करणे आवश्यक वाटते. घरासाठी मिळणाऱ्या एअरफायबर (तारेविना मिळणाऱ्या नेटच्या) जोडण्यांची उपकरणे व्हॅनमध्ये बसवण्याचा मोह होतो, परंतु त्या जोडण्या नोंदवलेल्या पत्त्याशी बांधलेल्या असतात आणि प्रवासासाठी त्यांचा उपयोग होत नाही.

खवासा ओलांडताना

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर खवासा येथे महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू होतो आणि त्यासोबत दूरसंचार मंडळही (टेलिकॉम सर्कल) बदलते. फोनच्या वापरावर किंवा दरावर याचा परिणाम जाणवत नाही, कारण देशांतर्गत रोमिंगला आता वेगळे पैसे पडत नाहीत. पण कंपनी तीच असली तरी मंडळागणिक नेटवर्कचा ओळख-क्रमांक वेगळा असू शकतो, आणि 'डेटा रोमिंग' बंद ठेवलेला राऊटर त्या नव्या क्रमांकाला परके नेटवर्क समजून डेटा थांबवू शकतो. खूण अशी की फोन चालतो, राऊटरमध्ये रेंजही दिसते, पण डेटा शून्य असतो. नागपूर सोडण्यापूर्वीच राऊटरमध्ये डेटा रोमिंग चालू करून ठेवावे, नेटवर्कची निवड 'आपोआप' अशी ठेवावी, आणि एपीएन (कंपनीच्या डेटा सेवेशी जोडून देणारे नाव) हाताने भरून जतन करावे.

डेटा रोमिंग चालू ठेवण्याचे आता आणखी एक कारण आहे. सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे ४जी नेटवर्क वापरता यावे अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू करण्यात आली. दुर्गम भागात आपल्या कंपनीचे नाव दिसत नसताना वेगळेच नाव दिसू लागले, तर घाईने नेटवर्क बदलू नये.

गडचिरोलीकडे जाणाऱ्यांसाठी

आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे किंवा एटापल्लीकडे जाताना 'टॉवर दिसतो, फोन लागतो, पण नेट नाही' ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहे. नक्षलप्रभावित जिल्ह्यांत पहिल्या टप्प्यात उभारलेले टॉवर २जी होते, त्यांवरून बोलणे होत असे आणि डेटा नाममात्र मिळत असे. देशभरातल्या अशा २,३४३ ठिकाणी ४जी आणण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी ४जीची योजना मंजूर झाली. हे काम प्रामुख्याने बीएसएनएलकडे आहे, म्हणून या भागासाठी एक सिम बीएसएनएलचे ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. मात्र बीएसएनएलचे ४जी बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आणि बँड १, म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, या पट्ट्यांवर चालते, आणि परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही राऊटरमध्ये यांतला पहिला पट्टा नसतो. राऊटर विकत घेताना त्याच्या माहितीपत्रकात १, ३, ५, ८, २८ आणि ४० हे सर्व बँड आहेत की नाहीत हे तपासावे. दिसण्यात सुबक आणि किमतीत भारी असलेला राऊटरही बँड ५ किंवा ४० नसेल तर आपल्याकडे अर्धाच कामाचा ठरतो.

बँडचा आणि जंगलाचा संबंधही लक्षात घेण्यासारखा आहे. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि झाडीतून बऱ्यापैकी पार होतात, तर २३०० च्या लहरी आणि ५जीचा मोठा भार वाहणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी पानांत लवकर विरतात. आपल्याकडची जंगले सागाची आणि पानझडीची आहेत. एप्रिलमध्ये सागाची पाने गळालेली असताना जेथे निभावण्याइतकी रेंज मिळते, तेथेच ऑगस्टमध्ये ओल्या, रुंद पानांच्या भिंतीमुळे ती मिळेनाशी होते, म्हणून उन्हाळ्यातल्या अनुभवावर पावसाळ्यातला मुक्काम ठरवू नये. अशा ठिकाणी राऊटर वेगवान पण क्षीण बँड पकडून वारंवार तुटत असेल, तर सेटिंगमध्ये ५जी बंद करून त्याला बँड ५ किंवा ८ वर बांधून टाकावे. वेग कमी मिळेल, पण जोडणी टिकेल, आणि एका व्हिडिओ बैठकीला दीड एमबीपीएसच्या आसपास वेगही पुरतो.

उन्हाळा, पत्रा आणि बॅटरी

दुपारी बारा-एकला नेट बंद पडते आणि संध्याकाळी काहीही न करता परत येते, असा अनुभव मार्च ते जून या काळात येत असेल, तर सर्वप्रथम उष्णतेचा संशय घ्यावा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि नवतप्याच्या दिवसांत ४५ अंश ही येथे असामान्य गोष्ट नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत बाहेरच्यापेक्षा सहज १५ ते २० अंश अधिक तापमान होते. घरगुती वापराचे बहुतेक राऊटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. त्यात भर अशी की रेंज कमकुवत असताना राऊटर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी आपली पूर्ण ताकद लावून लहरी पाठवतो आणि त्यामुळे आतून अधिक तापतो. म्हणजे जेथे रेंज कमी, तेथेच तो उष्णतेने लवकर दगा देतो. फोनचा हॉटस्पॉट तर याहून लवकर बंद पडतो.

यावर उपाय म्हणून राऊटर टपाजवळच्या कपाटातून काढून खाली, सावलीच्या बाजूला, हवा खेळेल अशा जागी बसवावा आणि त्यावर बारा व्होल्टचा लहान संगणकी पंखा लावावा. टपावरच्या अँटेनाच्या डब्यातच राऊटर बसवलेली उपकरणे बाजारात मिळतात. त्यांत केबल आखूड राहते हा त्यांचा खरा गुण आहे, पण विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात मी ती वापरण्याचा सल्ला देणार नाही. ज्यांना कायमस्वरूपी व्हॅनमधूनच काम करायचे आहे त्यांनी ७० अंशांपर्यंत चालणारा औद्योगिक राऊटर घ्यावा. त्याची किंमत अधिक असली तरी या हवामानात ती सार्थ ठरते.

उन्हापासून वाचण्यासाठी आपण खिडक्यांना चकाकणारे पडदे लावतो आणि भिंतींत अॅल्युमिनियमचा थर असलेले आवरण भरतो. गाडीचा पत्रा, हे आवरण आणि ते पडदे मिळून व्हॅनची बंद धातूची पेटी होते आणि आत ठेवलेल्या फोनपर्यंत लहरी पोहोचत नाहीत. पडदे काढल्यावर आरएसआरपी किती सुधारतो हे एकदा मोजून पाहावे. दहा डीबीचा फरक म्हणजे दहापट ताकद, हे ध्यानात घेतले तर बाहेरच्या अँटेनाची गरज का आहे ते आपोआप कळते.

इंजिन सुरू करताच नेट दोन-तीन मिनिटे जाते, ही तक्रार मात्र पूर्णपणे विजेची आहे. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो आणि राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. राऊटरला गाडीच्या मूळ बॅटरीऐवजी घरगुती उपयोगाच्या दुसऱ्या बॅटरीवरून, आणि तेही दाब स्थिर ठेवणाऱ्या डीसी कन्व्हर्टरमधून वीज द्यावी. इन्व्हर्टर लावून पुन्हा अडॅप्टर जोडण्यात वीज वाया जाते. दहा वॅटचा राऊटर चोवीस तासांत सुमारे २० अँपिअर-तास खातो, एवढा हिशेब बॅटरी निवडताना धरावा.

अँटेना : लावला तरी फरक पडत नाही तेव्हा

टपावर अँटेना बसवूनही आकडे सुधारत नसतील, तर बहुतेक वेळा दोष केबलमध्ये असतो. पातळ केबल पाच मीटर ओढली तर १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींची निम्म्याहून अधिक ताकद वाटेतच विरते, म्हणजे अँटेनाने मिळवलेले केबलने घालवले. जाड, कमी क्षय होणारी केबल घ्यावी आणि ती शक्य तितकी आखूड ठेवावी. दुसरे असे की ४जीला दोन लहरमार्ग लागतात, म्हणून अँटेनाच्या दोन्ही केबल राऊटरच्या मोबाइल नेटवर्कसाठी असलेल्या दोन्ही जोडांवर लागायला हव्यात. वाय-फायचे जोड दिसायला जवळजवळ सारखे असतात, फक्त मधली सुई उलट बाजूला असते, आणि चुकीच्या जोडावर केबल घट्ट बसली तरी विद्युतसंपर्क होतच नाही. खडबडीत रस्त्यांवरून गेल्यानंतर हे जोड सैल होतात, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर ते हाताने तपासावेत.

टॉवर कोणत्या दिशेला आहे हे शोधण्यासाठी दूरसंचार विभागाचे 'तरंग संचार' हे संकेतस्थळ उपयोगी पडते, त्यावर जवळपासचे टॉवर नकाशावर दिसतात. दिशादर्शक अँटेना त्या बाजूला रोखून थोडा थोडा फिरवावा आणि प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. अनेकदा अँटेनाहून मोठा फरक गाडी पन्नास मीटर पुढे, झाडांच्या मोकळ्या फटीत किंवा तलावाच्या बांधाजवळ उभी केल्याने पडतो, आणि त्याला काहीच खर्च येत नाही.

सिग्नल वाढवणारे बूस्टर म्हणून ऑनलाइन विकली जाणारी उपकरणे मात्र कृपया घेऊ नयेत. परवान्याविना ती बसवणे भारतात बेकायदेशीर आहे, आणि त्यांच्यामुळे टॉवरवर गोंगाट वाढून त्या गावातल्या सगळ्यांचेच नेट व फोन बिघडतात. आपण पाहुणे म्हणून एखाद्या वस्तीजवळ थांबलेले असताना तेथल्या लोकांच्या रुग्णवाहिकेचा फोन लागू नये, ही गोष्ट कायद्याइतकीच महत्त्वाची आहे. उपग्रह फोनही विनापरवाना जवळ बाळगता येत नाही, आणि सीमावर्ती व नक्षलप्रभावित भागांत त्याची चौकशी गंभीरपणे होते.

सगळे चालते, फक्त कार्यालयाचे काम चालत नाही

व्हॉट्सअ‍ॅप, नकाशे, व्हिडिओ सारे सुरळीत असताना कार्यालयाचे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) जोडले जाते पण त्यातून एकही पान उघडत नाही, असा प्रकार मोबाइल नेटवर आढळतो. मोबाइल नेटवर्कमध्ये डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार घरच्या जोडणीपेक्षा लहान पडू शकतो आणि व्हीपीएनचे वेष्टन चढल्यावर मोठी पाकिटे वाटेतच गळतात. राऊटरच्या किंवा व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा आकडा, १५०० वरून १३५० च्या आसपास आणल्यास बहुतेक वेळा काम भागते. नाव टाकून संकेतस्थळ उघडत नसेल, पण ८.८.८.८ या अंकी पत्त्याला पिंग (चाचणीचा छोटा संदेश) जात असेल, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून अंकी पत्ता शोधणाऱ्या सेवेत, आहे आणि राऊटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून तो सुटतो. नागपूरच्या घरातला कॅमेरा व्हॅनमधून दिसतो, पण व्हॅनमधला कॅमेरा घरून थेट दिसत नाही, यात बिघाड काही नाही. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, म्हणून व्हॅनमधली उपकरणे क्लाउड सेवेमार्फतच पाहावी लागतात.

काही मुक्काम असे असतात की तेथे वरीलपैकी काहीही केले तरी नेट मिळत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि लाइट गेल्यावर टॉवरही फार काळ टिकत नाहीत. अशा वाटेवर निघण्यापूर्वी परिसराचे नकाशे फोनवर उतरवून घ्यावेत, त्या दिवसाच्या बैठका शेवटच्या भरवशाच्या ठिकाणी, म्हणजे मेळघाटसाठी परतवाडा आणि भामरागडसाठी आलापल्ली येथे, उरकून घ्याव्यात, आणि पुढचा संपर्क केव्हा होईल ते घरी व कार्यालयात स्पष्ट कळवावे. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ हा आपत्कालीन क्रमांक त्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो, हे सोबतच्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे.